न वाजणारा सांधा

जुन्या बोलेरो, सुमो किंवा ट्रॅक्सच्या पुढच्या चाकांकडून खडखड ऐकू यायला लागली की मालक गाडी गॅरेजला लावतो, आणि खडखड थांबली की घेऊन जातो. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात पंधरा-पंधरा वर्षांच्या गाड्या रोज पोटाला घालतात. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचा धंदा बुडतो. आवाज हाच दुरुस्तीचा मुहूर्त ठरतो तो यामुळे. पण पुढच्या सस्पेन्शनच्या बाबतीत कानावर विसंबणे ही मोठी चूक आहे. जे भाग जास्त वाजतात त्यांच्यापासून धोका कमी असतो. ज्याच्या तुटण्याने चाक गाडीखाली दुमडते तो भाग बहुधा शेवटपर्यंत गप्प राहतो. म्हणून काय बदलायचे आणि केव्हा, हे चाक उचलून, त्यातला प्ले, म्हणजे सांध्यातला सैलपणा, मोजूनच ठरले पाहिजे. या प्रकरणात मी हीच गोष्ट पटवून देण्याचा प्रयत्न करणार आहे.

या भागातल्या गाड्या कशावरून धावतात ते आधी पाहू. एकच गाडी सकाळी चिकोडीकडच्या काळ्या रानातून उसाच्या टोळीला सोडून येते, दुपारी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ताशी नव्वदने पळते आणि संध्याकाळी जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरते. चिकोडीकडची काळी माती चिकट, खानापूरकडची तांबडी माती पिठासारखी बारीक. पावसाळ्यात दोन्ही मातींचा राडा आर्मवर बसतो, सुकतो आणि रबराच्या टोप्यांच्या कडेला कुरतडत राहतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ थेट महामार्गावर आले होते. त्या टोकाला न जाताही दर पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढणे इथे कुणाला नवे नाही. अशा गाडीचे वय किलोमीटरवर मोजून भागत नाही. महामार्गावर दोन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीचे सांधे शाबूत असू शकतात, आणि त्याच्या निम्मी धाव झालेल्या रानातल्या गाडीचे सांधे संपलेले असतात. त्यात एमएच-०९ ची गाडी विकून केए-२३ किंवा केए-२२ च्या हद्दीत येते, कधी उलटी जाते, आणि तिची आधीची सर्व्हिस कुणी, कशी केली हे नव्या मालकाला माहीत नसते. मीटरवरचा आकडा इथे फारसा उपयोगाचा नाही, हे एकदा मान्य केले की मग प्रश्न उरतो तो कानाचा.

कान का फसतो, हे गाडीचे वजन कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत पोहोचते ते पाहिले की कळते. दोन आर्मच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग बहुधा खालच्या आर्मवर बसलेली असते. चासीचे वजन स्प्रिंगवर, स्प्रिंगचे आर्मवर, आर्मचे टोकाच्या बॉल जॉइंटवर, आणि तिथून चाकावर. भरलेल्या गाडीच्या पुढच्या ॲक्सलवर नऊशे किलो वजन आहे असे धरले, तर चाकांचे आणि ब्रेकचे स्वतःचे वजन वगळून प्रत्येक बाजूच्या खालच्या बॉल जॉइंटवर ढोबळमानाने चारशे किलोचा दाब रात्रंदिवस असतो. म्हणजे वाटीतला गोळा एकाच बाजूला घट्ट दाबून धरलेला आहे. वाटी झिजली तरी गोळा त्याच बाजूला टेकून राहतो, मागे-पुढे आपटत नाही, आणि जे आपटत नाही ते वाजत नाही. चाक खोल खड्ड्यात लोंबले तेवढा क्षणच दाब सुटतो आणि एक दबका ठोका पडतो, पण तो खड्ड्याच्या इतर आवाजात विरून जातो. वाटी झिजत झिजत तिचे तोंड गोळ्याएवढे होते, आणि मग एखाद्या खड्ड्यात किंवा वळणावर गोळा बाहेर येतो. वरचा जॉइंट, शॉकअप, ब्रेकचा पाइप यांपैकी काहीच चाकाला जागेवर धरून ठेवू शकत नाही.

आता वाजणारे भाग पाहा. स्टॅबिलायझर बारची लिंक, शॉकअपचे बुश, बारला चासीशी धरणारी रबरे यांच्यावर गाडीचे उभे वजन नसते. प्रत्येक उंचवट्यावर त्यांच्यावरच्या बळाची दिशा बदलते. रबर थोडे गेले की लोखंड एकदा या अंगाला आणि एकदा त्या अंगाला लागते. गावात शिरल्याशिरल्या स्पीडब्रेकरवर जी खडखड सगळ्या गल्लीला ऐकू जाते, ती बहुतेक वेळा यांचीच असते. हे भाग गेले तर गाडी डोलते, वळणावर झुकते, पण चाक जागेवर राहते. ते बदलू नयेत असे मी म्हणत नाही. शॉकअप गेलेली गाडी ब्रेक मारताना उसळते आणि टायर रस्ता सोडतो, ही गंभीर गोष्ट आहे. पण लिंक बदलल्यावर खडखड थांबते आणि मालक समाधानाने जातो, तेव्हा ज्या बॉल जॉइंटची रबरी टोपी सहा महिन्यांपूर्वी फाटली आहे तो तसाच राहतो. आवाज बंद झाल्याने तपासणीचे कारणच संपते.

यावर हमखास येणारा आक्षेप जुन्या जीपांचा आहे. आमच्या वडिलांच्या जीपने आणि कमांडरने कमानपाट्यांवर आयुष्य काढले, माणसे टपापर्यंत भरली, पुढच्या भागाला कधी हात लावावा लागला नाही, असे लोक सांगतात आणि खरेच सांगतात. महिंद्राने १९४७ पासून विलिज जीप जुळवायला सुरुवात केली, आणि त्या घराण्यातल्या गाड्या पुढे कित्येक दशके सलग ॲक्सल आणि कमानपाटे घेऊनच धावल्या. टाटा आणि लेलँडच्या मोठ्या ट्रकांच्या पुढच्या ॲक्सलवर आजही किंग पिन दिसते. ही रचना झिजली तरी सहसा सुटत नाही, हेच तिचे वैशिष्ट्य. किंग पिन ॲक्सलच्या डोळ्यातून आरपार गेलेली असते. बुश कितीही खाल्ला गेला तरी चाक डुलते, स्टिअरिंग जड होते, ठरावीक वेगाला चाके थरथरू लागतात, पण पिन मोडल्याशिवाय चाक वेगळे होत नाही. मोटारींमध्ये मात्र दुसरी वाट धरली गेली. जनरल मोटर्सने १९३४ च्या मोटारींना पुढच्या दोन चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन दिले. १९५२ साली लिंकनवर आणि १९५४ साली फोर्डवर किंग पिनच्या जागी बॉल जॉइंट आला. वजन कमी झाले, चाके रस्त्याला जास्त चिकटून चालू लागली, बसणाऱ्याचे अंग सुखावले. आपल्याकडे १९९४ ची सुमो आणि २००० ची बोलेरो या दुसऱ्या वाटेवरच्या गाड्या, आणि वडापसाठी, शेतीसाठी, लग्नाच्या वऱ्हाडासाठी याच गाड्यांनी जुन्या जीपांची जागा घेतली. म्हणून जुन्या जीपचा अनुभव नव्या रचनेला लावता येत नाही. जीप झिजल्याचे स्वतःहून सांगत असे, आणि ती चालायचीही ताशी पन्नासने. बोलेरो ते सांगत नाही आणि चालते नव्वदने.

दुसरा आक्षेप कायद्याचा आधार घेऊन येतो: गाडीचे पासिंग झाले आहे, मग शंका कशाला? व्यवसायाच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम स्टिअरिंगबद्दल आहे. स्टिअरिंगमधला प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, त्याच्या जोडण्यांमधल्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि नट-बोल्ट, पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात, असे तो सांगतो. टोपीचा उल्लेख नियमात आहे ही फार चांगली गोष्ट. बॉल जॉइंटचे आयुष्य त्या टोपीवरच असते. ती फाटली की ग्रीस धुऊन जाते आणि मातीचे कण गोळ्याला पॉलिशच्या कागदासारखे घासू लागतात. पण ३० अंश म्हणजे ३८ सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर जवळपास १० सेंटीमीटर. इतका प्ले येईपर्यंत टाय रॉडचे टोक कधीच बदलायला झालेले असते. शिवाय खालच्या बॉल जॉइंटचा उभा प्ले स्टिअरिंगवर जवळजवळ दिसतच नाही, कारण त्याची दिशाच वेगळी. नियम पाळला म्हणून सांधा तपासला असे होत नाही.

मग तपासायचे कसे? याला यंत्र लागत नाही. जॅक, पहार आणि दोन माणसे पुरतात. पण जॅक कुठे लावायचा हे मात्र चुकून चालत नाही. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्याच आर्मखाली, जॉइंटच्या जितका जवळ जाईल तितका. चासीखाली जॅक लावून चाक लोंबकळत सोडले तर स्प्रिंग आर्मला खाली रेटते, जॉइंट ताणात राहतो आणि झिजलेला सांधाही टणक वाटतो. घाईत केलेल्या तपासण्या इथेच वाया जातात. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर उलट: जॅक चासीखाली, आणि वरच्या आर्मखाली ठोकळा. चाक जमिनीपासून दोन बोटे उचलले की टायरखाली पहार घालून हळू वर उचलायचे आणि दुसऱ्याने जॉइंटपाशी बोट ठेवायचे. गोळा वाटीत वर-खाली सरकतो ते बोटाला कळते. किती सरकला तर बदलायचा, हे कंपनीचे पुस्तक सांगते. काही जॉइंटना अजिबात प्ले चालत नाही, काहींना एक-दोन मिलिमीटर चालतो. नंतर चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचे. हलले तर एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा हलवायचे: प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा किंग पिनचा. नऊ आणि तीनच्या जागी धरून हलले तर टाय रॉडची टोके आणि स्टिअरिंगची जोडणी पाहायची. एवढ्याला दोन्ही चाकांचा मिळून अर्धा तास लागतो.

जुन्या गाडीवर इतका खर्च कशाला, हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो करणाऱ्याच्या खिशात खरोखरच पैसे कमी असतात. त्याला उत्तर टायरने द्यायचे. सांधे सैल झाले की चाकांचा टो बदलतो, म्हणजे दोन चाके समांतर न राहता किंचित तिरकी धावतात. टायरचा व्यास ७०० मिलिमीटर आणि दोन्ही चाकांत मिळून फक्त ३ मिलिमीटरचा फरक पडला असे समजू. प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर. म्हणजे गाडी एक किलोमीटर पुढे जाते तेव्हा प्रत्येक टायर सुमारे २.१ मीटर आडवा घासला जातो. निपाणी ते बेळगाव पाऊणशे किलोमीटर धरले तर एका खेपेत दीडशे मीटरहून जास्त. एखाद्याने टायर दीडशे मीटर डांबरावरून आडवा फरफटत नेला तर आपण त्याला वेड्यात काढू. गाडी तेच रोज करते आणि आपण ‘गाडी टायर खातेय’ म्हणून नवे टायर घालतो. एका बॉल जॉइंटची किंमत एका टायरपेक्षा पुष्कळ कमी असते. खर्च वाचवायचा असेल तर तो टायरवर वाचवायचा, सांध्यावर नाही. आणि तवंदी घाटातून निपाणीकडे उतरतानाचा हिशेब वेगळाच. दोन टनांच्या गाडीला जोराचा ब्रेक लागला, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.७ मीटर असले, तर अडीचशे किलोच्या आसपास वजन मागच्या चाकांवरून पुढच्यांवर येते. उताराचे वजन त्यात आणखी. संपत आलेल्या सांध्यावर सगळ्यात मोठा भार पडतो तो गाडी थांबवण्याची सगळ्यात जास्त गरज असताना.

इथवर वाचून कुणाला वाटेल की सरळ पुढचा पूर्ण संच बदलून टाकावा, म्हणजे कटकट नाही. काही गॅरेजांत तसा सल्ला मिळतोही. मला तो पटत नाही. न मोजता सगळे बदलणे ही न मोजता काहीच न बदलण्याचीच दुसरी बाजू आहे, आणि तिचा भुर्दंड मालकाला बसतो. कमान, स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने बदलावेत, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असेल तर गाडी एका अंगाने बसते आणि ब्रेकला ओढते. बॉल जॉइंटला असा नियम नाही. डावीकडचा संपला आणि उजवीकडचा मापात असून टोपी शाबूत असेल, तर उजवा राहू द्यावा. मात्र एकाच आर्मवरचे शेजारी वेगळे. आर्मचा बुश गेल्याने तो आर्म तिरका हलत राहिला, त्यानेच जॉइंट झिजला, असे असेल तर फक्त जॉइंट बदलून नव्या जॉइंटलाही जुन्याच वाटेला लावल्यासारखे होते. आर्म एकदा खाली उतरला की बुश काढायची मजुरी जवळजवळ वेगळी पडत नाही. बदलाचा आवाका ठरवायचा तो यावरून: कोणी कोणाला झिजवले.

बेळगावचा विषय निघाला की लेथचा निघणारच. उद्यमबाग आणि मच्छे इथल्या कारखान्यांत, फाउंड्रीत ओतकाम आणि मशीनिंग करणाऱ्यांचे हात फार चांगले आहेत, आणि या शहराची ती खरी कमाई आहे. ट्रकच्या किंग पिनचे बुश घालून वरचा आणि खालचा एका रेषेत रीमरने कापणे हे अशा हातांचेच काम. ते नीट झाले तर बाजारातल्या तयार भागाइतकेच टिकते. रेषा चुकली तर पिन एका कडेला घासते आणि काही महिन्यांत पुन्हा सैल होते. पण जुन्या बॉल जॉइंटची वाटी उघडून नवे नायलॉन भरणे, किंवा वाटीच्या कडेला वेल्डिंगचा टाका मारून तोंड लहान करणे, ही दुरुस्ती कितीही सफाईने केली तरी मान्य करू नये. गोळ्याचा कडकपणा पृष्ठभागावरच्या उष्णता-प्रक्रियेतून येतो. वेल्डिंगच्या आचेने तो जातो, आणि वाटीचे पोलाद टाक्याशेजारी ठिसूळ होते. इथे कारागिराच्या कौशल्याबद्दल शंका नाही. त्या भागाचे बळ ज्यात असते ते लेथवर परत येत नाही, एवढेच.

आता प्रत्यक्ष बदलताना. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत खालचा जॉइंट सुटा केला की दाबलेली स्प्रिंग फक्त आर्मखालच्या जॅकने अडवलेली असते. तो जॅक घसरला तर आर्म हातोड्यासारखा खाली येतो. म्हणून चासीखाली वेगळा, पक्का आधार द्यायचा आणि आर्मखालचा जॅक स्प्रिंग मोकळी होईपर्यंत जागचा हलवायचा नाही. टॉर्शन बारच्या गाडीत बार काढण्याआधी त्याच्या दातांवर आणि आर्मवर खूण करावी, आणि डावा बार उजवीकडे घालू नये. प्रत्येकाला पीळ घ्यायची एक दिशा ठरलेली असते. जॉइंटची निमुळती पिन आर्मच्या डोळ्यात बसते ती कोरडी, स्वच्छ बसली पाहिजे. तिथे ग्रीस लावण्याची सवय वाईट. निमुळता भाग घर्षणानेच धरतो. खाचांच्या नटाला ठरलेल्या टॉर्कने आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून भोक जुळवायचे, मागे सोडून कधीच नाही. बुशच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुकते ते आवळण्याच्या वेळेत. या रबराला आत-बाहेर लोखंडी नळी चिकटलेली असते, आणि आर्म हलतो तेव्हा रबर पिळले जाते. चाक लोंबत असताना बोल्ट पक्का आवळला तर रबराची शून्याची जागा तीच ठरते. गाडी खाली आल्यावर ते कायमचे पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने, गाडी चाकांवर उतरवून दोन-तीनदा दाबून सोडल्यावर, आणि मगच पक्के. यानंतर अलाइनमेंट लगेच करावे, पुढच्या सर्व्हिसवर ढकलू नये. जॉइंट किंवा आर्म बदलला की कँबर (चाकाचा उभा कल) आणि टो दोन्ही सरकतात.

कमानपाट्यांच्या ट्रकला अलाइनमेंट झाल्यावरही एक काम उरते. नवे यू-बोल्ट पहिल्या भरल्या खेपेत ताणून बसतात आणि पाट्यांवरचा रंग दबतो, त्यामुळे त्यांची पकड ढिली पडते. पकड ढिली झाली की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो; तो तुटला तर ॲक्सल एका बाजूला मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालू लागते. पहिला भार उतरवून आल्यावर, ट्रक सपाट जागी उभा करून, चारही यू-बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कने आवळायचे, आणि त्याच वेळी पुढच्या चाकांतला प्ले पुन्हा एकदा बघायचा.